पगाराची चौकशी

"आणि पगार किती मिळतो त्याला?" मी विचारलं.

पलीकडच्या माणसानं फोनवर हात ठेवला. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली बाई. रिसीव्हरवर ठेवलेला हात मला ऐकू येतो. आवाज थांबत नाही, पाण्याखाली गेल्यासारखा होतो. त्या हाताआड एक बाई काहीतरी म्हणाली, मग हात निघाला.

"अठरा," ते गृहस्थ म्हणाले. "अठरा हजार. वर बाकीचं असतंच."

माझ्या शेजारी रेवती बसली होती, माझी भाची. तिला मी बोटांनी खूण केली. तिचे डोळे मोठे झाले.

"फार छान," मी फोनवर म्हणाले. "त्याचं हे शिक्षण झाल्यावर लगेच लागला का?"

"लगेच म्हणजे लगेच. मुलगा पहिल्यापासून सरळ हो. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही."

हे मी विचारलं नव्हतं, पण माणूस बोलका वाटला. मी म्हटलं, "तो इकडं बार्शीला कधी येतो का? आमच्या रेवतीला त्याच्याशी प्रत्यक्ष बोलायचं होतं. तिची फार इच्छा आहे."

"मुलीची स्वतःची इच्छा आहे म्हणता?"

"तिचीच तर आहे."

"शिक्षण काय झालंय?"

"बी. ए. झालीय यंदा. पुढंही शिकायचंय."

"शिकू दे की. आमची काही हरकत नाही."

याची हरकत कशाला असेल, असं माझ्या मनात आलं. पण लातूरकडचे लोक बोलायला मोकळे असतात अशी माझी जुनी समजूत होती. मी त्यांना आमचा पत्ता आणि नंबर दिला, आभार मानले आणि फोन ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. लग्न केलं नाही, त्यामुळं धाकट्या भावाच्या घरातच राहत होते, अजूनही राहते. भाऊ विनायक. खाली त्याचं शिलाईचं दुकान, शाळांचे गणवेश शिवायचा. वर आम्ही चौघं: विनू, त्याची बायको सुलभा, रेवती आणि मी. माझ्या फंडाचे पैसे आईच्या आजारपणात गेले होते. म्हणजे घरात मोडून पैसा उभा राहील अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ते दुकान.

रेवतीला पुण्याच्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, जाहिरात, सगळं त्यात येतं असं तिनं मला समजावलं. खाजगी कॉलेज. फी आणि राहण्याखाण्याचे मिळून पाच लाख लागणार होते. बँकेनं शैक्षणिक कर्ज देऊ म्हटलं, पण एवढ्या रकमेला तारण हवं होतं. मॅनेजर भला माणूस. त्यानं विनूला समोर बसवून विचारलं, "माळवदे, इंजिनियरचं आम्हाला माहीत असतं. डॉक्टरचं माहीत असतं. हे शिकून मुलीला महिना किती मिळतील? हप्ता नऊ हजारांच्या आसपास पडेल. तेवढं तुम्ही विचारून या, मग दुकानाचे कागद आणा."

विनूला काय माहीत? तो घरी आला आणि जेवताना एवढंच म्हणाला, "अक्का, तू टेलिफोनवाली. विचार की कुणाला."

त्या आठवड्यात त्यानं एका शाळेच्या हाफ पॅन्टा मापापेक्षा आखूड बेतल्या. पूर्ण ठाण वाया गेलं. आजवर त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सुलभा मला म्हणाली, "बघितलंत? अजून कर्ज काढलं नाही तर ही गत. पोरीला बी. एड. करा म्हणावं. मास्तरणीचा पगार तरी सगळ्यांना माहीत असतो."

रेवती ऐकत होती. ती भांडली नाही. ती कधी काही मागणारी पोरच नव्हती. दिवाळीला दुकानातल्या उरलेल्या कापडाचा ड्रेस शिवला तरी घालायची. या वेळी मात्र तिनं मागितलं होतं आणि मग गप्प बसून वाट बघत होती. ती वाट बघणंच आम्हाला जड जात होतं.

कॉलेजच्या माहितीपत्रकात जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो होते, खाली नाव आणि गाव. तेवढ्यावर मी कामाला लागले. पुण्याच्या एक्स्चेंजमधली हमीदा मुजावर माझी जुनी मैत्रीण. आम्ही एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. तरुणपणापासून फक्त आवाज. ट्रंक कॉल जोडता जोडता एकमेकींची सुखदुःखं बोललेलो. तिला फोन लावला तर म्हणाली, "इंदू, पगार विचारायचा तर पोराला विचारू नको, घरच्यांना विचार. पोरं लपवतात. आईबापाला सगळं ठाऊक असतं." मग तिनं इथं तिथं विचारून तीन घरांचे नंबर मिळवून दिले.

लातूरचे पतंगे त्यातले पहिले. आडनाव आमच्याच समाजातलं निघालं याचा मला आनंद झाला होता. आपला माणूस खरं सांगेल, असं वाटलं.

दुसरं घर नगरचं. तिथल्या आईनं मुलीचा पगार पंधरा हजार सांगितला आणि लगेच म्हणाली, "पण नोकरीचं काही नाही. तुम्ही म्हणाल तर सोडेल ती."

"नका हो सोडायला लावू," मी कळवळून म्हणाले. "एवढी चांगली नोकरी."

"अगं बाई, किती चांगले विचार आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम भरून आला.

तिसऱ्या घरी आजोबांनी फोन घेतला. त्यांनी पगार वीस सांगितला आणि आमच्याकडं पत्रिका बघतात का, ते विचारलं. मी म्हटलं, बघत नाही. तेवढ्यावर आजोबा खूश झाले.

एवढी मोठी बाई मी, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी फक्त आकडे धरून बसले होते. विनूला सांगितले, तेव्हा त्यानं बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं. "पंधराच्या खाली कुणी नाही म्हणजे हप्ता निघतोय," तो म्हणाला. सोमवारी कागद घेऊन बँकेत जायचं ठरलं. सुलभा तोंड घट्ट मिटून भाकरी थापत राहिली.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दारात एक जीप थांबली. टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले, मागून जरीच्या साडीतल्या एक बाई, आणि त्यांच्यामागून चष्मा लावलेला, उंच, वाळकासा मुलगा.

"लातूरचे पतंगे," गृहस्थांनी हात जोडले. "तुमच्या बार्शीच्या भगवंताच्या दर्शनाला आलो होतो. म्हटलं, ताईंनी एवढ्या आपुलकीनं फोन केला, तर जाऊन येऊ."

मला फार बरं वाटलं. परक्या मुलीला माहिती द्यायला पोराला घेऊन इतक्या लांब आला माणूस. मी त्यांना बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. सुलभा पडद्याआडून बाहेर बघत होती. बाईंच्या हातात नारळ होता आणि पेढ्यांचा पुडा.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "तुम्ही फोनवर बोललात तरी काय?"

"पगार विचारला."

"अजून?"

"त्याला इकडं यायला सांगितलं. रेवतीला भेटायचंय म्हटलं."

सुलभानं कपाळाला हात लावला. "अहो, स्थळ घेऊन आलेत ते."

मी तिथल्या पाटावर बसले. नगरच्या बाईंचा भरून आलेला आवाज, पत्रिका, हरकत नाही, सगळं एका ओळीत डोळ्यांसमोरून गेलं. "आता सांगायचं का त्यांना?" मी विचारलं.

"जीप करून आलेत. नारळ आणलाय. काय सांगणार?" तिनं रव्याचा डबा काढला. "रेवू, साडी नेस. हसू नको. तुझ्या आत्यानं घोळ घातलाय, निदान पाहुण्यांचा मान राहू दे."

बाहेर विनूला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी उप्पिटाच्या बशा घेऊन गेले तेव्हा दोघांचं छान जमलेलं होतं. पतंग्यांचंही शिलाईचंच दुकान होतं.

"रेडीमेडनं मारलं आपल्याला," पतंगे म्हणत होते. "मी आता मशीन कमी केली. कारागीर मिळत नाहीत."

"खरंय," विनू म्हणाला. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली. "एक विचारू का? मोकळेपणानं सांगा. पोराच्या शिक्षणाला कर्ज किती काढलं होतं?"

पतंग्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या बायकोनं पदर सारखा केला.

"कर्ज?" पतंगे म्हणाले. "छे हो. आमच्या डोक्यावर कुणाचा एक पैसा नाही. तुम्ही लातुरात कुणालाही विचारा."

"म्हणजे सगळं घरातून केलंत?"

"घरातून. देवाची कृपा."

मुलगा खाली फरशीकडं बघत होता. विनूनं माझ्याकडं बघितलं, जणू म्हणत होता, बघ अक्का, लोक किती करतात. मला त्याच्याकडं बघवेना. एकजण मुलीच्या भवितव्याचं विचारत होता, दुसऱ्याला वाटत होतं घराण्याची पत तपासली जातेय.

रेवती साडी नेसून आली, नमस्कार करून बसली. नेहमीचे दोन-चार प्रश्न झाले. मग पतंगेबाई हसून म्हणाल्या, "पोरांना बोलू द्या की दोन शब्द. आता आपल्या वेळचं राहिलं नाही."

सोबत म्हणून मला गच्चीवर पाठवलं. वर वाळत घातलेल्या चादरी होत्या. मी कठड्याशी जाऊन उभी राहिले, पण सगळं ऐकू येत होतं.

मुलाचं नाव श्रीपाद. त्यानं घसा खाकरला. "मी आधीच सांगून टाकतो. मला पुण्यातच राहावं लागेल."

"हॉस्टेल कसं आहे तिथलं?" रेवतीनं विचारलं.

"हॉस्टेल?"

"कॉलेजचं. मला तुमच्याच कॉलेजात जागा मिळालीय. आत्यानं त्यासाठी फोन केला होता, पगार वगैरे विचारायला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे हे बघणं नाही?"

"नाही रे," मी म्हणाले. "चूक झाली. मलासुद्धा आताच कळलं."

तो पाण्याच्या टाकीच्या कडेला बसला आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. "आईनं नवी साडी नेसलीय," तो म्हणाला. "बाबांनी जीप ठरवलीय."

रेवतीही हसली. मग म्हणाली, "अठरा हजार खरे का?"

त्याचं हसणं थांबलं. त्यानं जिन्याकडं एकदा बघितलं. "साडेसहा. केबलची एक छोटी वाहिनी आहे, तिच्यावर. तेही वेळेवर येतील असं नाही."

"आणि कर्ज?"

"आहे ना. हप्ता साडेआठ."

रेवतीनं वाळत घातलेल्या चादरीचं टोक सरळ केलं. तिला हिशेब सांगायची गरज नव्हती. "मग भरतं कोण?"

"बाबा. माझं शिक्षण संपून दोन वर्षं झाली, घर अजून फी भरतंय."

"वर्गातले बाकीचे?"

"दोघं-तिघं चांगले लागले. पुण्यामुंबईत ज्यांचं घर होतं, ओळखी होत्या, त्यांचं जमलं. सुरुवातीची वर्षं फुकटात काम करणं ज्यांना परवडतं त्यांचं जमतं. बाकीचे आम्ही आहोतच."

"काम आवडतं का पण?"

त्याचा चेहराच बदलला. "फार आवडतं. कॅमेरा खांद्यावर घेतला की बाकी काही आठवत नाही." मग म्हणाला, "महिनाअखेरीला आठवतं."

"आमचे अण्णा उद्या दुकान गहाण टाकायला बँकेत जाणार आहेत. तुम्ही परत घ्याल का हाच कोर्स? असं कर्ज काढून?"

"ते मला विचारण्यात अर्थ नाही. ते बाबांना विचारायला पाहिजे, आणि त्यांना कुणी विचारू नये." तो उठला. "एक करा. खाली यातलं काही बोलू नका. अठरा हा आकडा आईनं ठरवलाय. सगळ्या नातेवाइकांत तोच सांगितलाय. चारचौघांत निघालं तर बाबांना मान वर करता येणार नाही."

रेवतीनं मान हलवली. मीही हलवली.

पाहुणे गेले. "घरात बोलून कळवतो," असं विनूनं त्यांना दारात सांगितलं, तेव्हा त्याला सुलभानं सगळं सांगितलेलं होतं. तो वर आला आणि मोठ्यानं बोलायला लागला. एरवी तो मोठ्यानं बोलत नसे. "स्थळाचं राहू दे, पण माणूस बघितलास का अक्का? कर्ज न काढता पोराला शिकवलं. अठरा हजार मिळवतो पोरगा. आणि आपण उगाच घाबरतोय."

मी रेवतीकडं बघितलं. ती बशा गोळा करत होती.

त्या दिवशी मी तिच्या मागे मागे होते, कारण नसताना. ती बोलेल असं वाटत होतं. बोलली तर जागा गेली. नाही बोलली तर दुकान. आणि बोलायचं म्हणजे त्या भल्या माणसाची अब्रू आपल्या घरात उघडी करायची, दिलेला शब्द मोडून. मी सांगू शकले असते. पण जायचं तिला होतं, मागितलं तिनं होतं. मला वाटत होतं तिचं तिनं बोलावं. संध्याकाळी तिनं वडिलांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. एकच बाही ती पुन्हा पुन्हा दाबत होती. सुलभा म्हणाली, "जळेल ती." तेव्हा तिनं इस्त्री उचलली.

सोमवारी विनू आंघोळ करून, तो शर्ट घालून तयार झाला. दुकानाचे कागद त्यानं कापडी पिशवीत घातले. देवाला नमस्कार केला. रेवती दाराशी उभी होती. ती त्या पिशवीकडं बघत होती. विनू चपला घालत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, लातूरहून पतंगे बोलतोय. भाऊ निघाले का बँकेत?"

"निघतोच आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"काल जीपमध्ये पोरानं सगळं सांगितलं. तुम्ही कशाला फोन केला होता ते." ते थांबले. या वेळी त्यांनी फोनवर हात ठेवला नाही. मागं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"आमच्याकडूनच गैरसमज झाला, पतंगे. मला माफ करा."

"ते राहू द्या. मी काय सांगतो ते ऐका. अठरा नाहीत. साडेसहा आहेत. कर्जही आहे. दोन मशीन विकली, तिसऱ्याला गिऱ्हाईक बघतोय. सोयरिकीत सांगायचा आकडा वेगळा असतो, ताई, तुम्ही जाणता. सगळेच सांगतात. पण माझ्या आकड्यावर एक शिंपी दुकान गहाण टाकायला निघालाय म्हटल्यावर मला रात्रीचं जेवण गेलं नाही."

मी विनूला हातानं थांबवलं. ते म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. पोराचं लग्न व्हायचंय अजून. भावाला द्या फोन."

मी विनूच्या हातात रिसीव्हर दिला. तो एका पायात चप्पल घालून ऐकत राहिला. "हो," म्हणाला. मग "हो, हो," आणि शेवटी, "तुमचे उपकार आहेत." फोन ठेवून तो बाकावर बसला.

"अण्णा," रेवती दारातूनच म्हणाली, "मला काल कळलं होतं. गच्चीवर."

"मलाही कळलं होतं," विनू म्हणाला.

"कसं काय?" मी विचारलं.

"पोराच्या शर्टाची कॉलर उलटवून लावलेली होती. फाटलेली बाजू आत, आतली बाहेर. बापानं लावली असणार, काम फार सुबक होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. अठरा हजार मिळवणारा पोरगा मुलगी बघायला तसल्या शर्टात येत नाही."

सुलभाचा आवाज चढला. "मग कागद घेऊन कुठं निघाला होतात तुम्ही?"

विनूनं पायातली चप्पल काढून बाकाखाली सारली. "पोरगी वरून आली ती गप्पच होती," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळं कळूनही तिला जायचंय."

रेवती पुढं आली. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली, कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. मग ती आत गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. आम्ही तिला हाक मारली नाही.

पुढं ती सोलापूरच्या एका दैनिकात लागली. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण त्यातलं कुणाला काही द्यायचं नव्हतं. राहिलेलं शिक्षण नोकरी करत, बाहेरून परीक्षा देत केलं. आता ती बातम्या तपासून छापायला देणाऱ्या लोकांवर देखरेख करते असं म्हणते. पुण्याचं ते कॉलेज चुकलं नसतं तर आज कुठं असती, असं ती अजूनही कधी कधी विचारते. 

तिची ती जागा त्या वर्षी रिकामी राहिली नसणार. तिच्यावर दुसरं कुणीतरी गेलं असेल, कुठल्यातरी गावचं. त्या घरी लातूरहून फोन गेला नसेल.